ताब्यानंतर उघडे पडणारे दोष : काम करणाऱ्यांचे अनुभव

विकायच्या घराला रंग नवा असतो, पहिल्या पावसाळ्यात तो फुगतो. दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) किंवा सोसायटीचं काम बघणाऱ्यांनी लिहावं. कोणी फसवलं ते राहू द्या. दोष ओळखायचा कसा आणि घालवायचा कसा, तेवढं सांगा.

स्ट्रक्चरल ऑडिट, ठाणे

सीलिंगचा पोपडा पडून सळई दिसली की लोक तेवढाच भाग लिंपून घेतात. आधी छोट्या हातोडीने सगळं सीलिंग ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तिथे खडूने गोल करा. पोपडा ताटाएवढा असला तरी गोल बहुधा दाराएवढा निघतो.

कारण साधं आहे. स्लॅबच्या सळईखाली किमान 20 मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. त्यासाठी सळईखाली ठेवायच्या ठोकळ्याऐवजी (कव्हर ब्लॉक) खडीचा खडा सरकवतात, भरणीच्या वेळी माणसं वरून चालली की तो निसटतो आणि सळई शटरिंगला टेकते. पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची क्षारता जाते, सळई गंजते. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन शिंपडा. गुलाबी झालं तर क्षारता शाबूत आहे. सळईपर्यंत रंगच चढला नाही, तर तिचं कवच गेलं.

दुरुस्ती बिघडते ती एकाच ठिकाणी: सळईची पुढची बाजू घासतात, मागची तशीच राहते. सळईमागे बोट फिरेल इतकं, साधारण 20 मिमी, फोडायलाच हवं. मग वायर ब्रश, गंजरोधक लेप, बाँड कोट (जुन्या-नव्याला चिकटवणारा थर), आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, पातळ थरांत. सळई झिजून बारीक झाली असेल तर शेजारी नवी सळई, दोन्ही सळया पुरेशा लांबीपर्यंत शेजारी-शेजारी येतील इतका लॅप ठेवून. कॉलमच्या कोपऱ्यावर उभी चीर असेल तर मात्र आधी टेकू आणि इंजिनिअर. तिथे गवंड्याच्या भरवशावर छिन्नी लावू नका.

वॉटरप्रूफिंग

खालच्यांच्या सीलिंगला ओल आली की वरच्यांच्या टाइल्स फोडायची घाई होते. थांबा. रात्री बाथरूमचा मेन व्हॉल्व्ह बंद करा. थेंब दिवसरात्र एकसारखा पडत होता आणि आता मंदावला, तर दोष प्रेशर लाइनचा, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाइपचा. अंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालचं भांडं) किंवा ड्रेनेजचा. मग नहाणीला बूच मारून 2 इंच पाणी 48 तास साठवा, पाण्यात रंग घाला. खाली रंगीत थेंब आला तर पाणी फरशीतूनच उतरतंय.

पाणी बहुतेकदा दोन जागी शिरतं: ट्रॅपचा पाइप स्लॅबमधून जातो तिथे, आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात, जिथे वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) नीट मारलेला नसतो. वॉटरप्रूफिंगचा लेप भिंतीवर फुटभर तरी चढवा. टाइल्स लावायच्या आधीच पुन्हा पाणी साठवून बघा, नंतर बघून उपयोग नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: सनकन स्लॅबमधला (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब) रोडा, म्हणजे भरलेले विटांचे तुकडे, पाणी धरून ठेवतो. गळती बंद झाल्यावरही खाली काही आठवडे ठिबकत राहतं. त्या काळात पुन्हा फोडाफोडी करू नका.

रो-हाउसची कामं, अकोला

आमच्याकडे स्लॅब नाही, जमीन त्रास देते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर रुंदावते, दार घासायला लागतं, पावसाळा सरता सरता दोन्ही सुधारतात. पुट्टी भरणं म्हणजे पैसे पाण्यात. चिरेवर पीओपीचा बोटभर पट्टा लावून तारीख लिहा. पट्टा तडकला तर हालचाल चालू आहे.

मूळ इलाज अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुंधा असलेले पायाचे खांब), पण तो बांधतानाच. उभ्या घराला एकच उपाय: जोत्याजवळच्या मातीतली ओल वर्षभर सारखी ठेवायची. भोवती दीड मीटर रुंद फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार, पन्हाळ्याचं पाणी लांब, फुटकी गटार लाइन बदलायची. मोठं झाड भिंतीला लागून नको, उन्हाळ्यात ते त्या मातीतलं पाणी ओढतं.

कॉलम आणि विटांच्या सांध्यातली सरळ उभी केसासारखी चीर मात्र वेगळी. तिथे चिकन मेश न लावता गिलावा केलेला असतो. सांधा उकरून, जाळी मारून पुन्हा गिलावा करा, झालं.

सोसायटी सेक्रेटरी, पुणे

रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा) कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने कळवल्यापासून 30 दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोनवर बोलून काही होत नाही. लेखी पत्र, पोच, आणि चिरेशेजारी मोजपट्टी धरून काढलेले फोटो ठेवा. रीसेलमध्येही मोजणी मूळ ताब्यापासूनच धरा.

जुन्या इमारतीत टोकन देण्याआधी सोसायटीकडे ऑडिटचा अहवाल मागा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि 30 च्या वरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी ऑडिट हवं.

ऑडिटवाले (पुन्हा)

अहवाल मिळाला तर शेवटचं पान सोडा, अल्ट्रासॉनिकचा तक्ता बघा. त्यात काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते असतं, वेग कमी म्हणजे काँक्रीट कमजोर. वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या खाली असलेले कॉलम कोणते ते लिहून घ्या आणि त्यातला एखादा तुमच्या फ्लॅटमधून जातो का, ते प्लॅनवर ताडा.