हेवी क्वार्कवर एमएस्सीचं प्रोजेक्ट करायचंय, सुरुवात कुठून करू?

निशिगंधा_अ
नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी हेवी आयन कोलिजनमधले (जड केंद्रकांच्या टकरीतले) हेवी क्वार्क, म्हणजे चार्म आणि बॉटम, हा विषय सुचवलाय आणि नेमकं काय करणार ते लवकर लिहून मागितलंय. पार्टिकल फिजिक्सचा एक पेपर झालाय, पायथन चांगलं येतं, सी प्लस प्लस जेमतेम. मला जे-साय (चार्म-अँटिचार्मची जोडी) घ्यावंसं वाटतंय कारण त्यावर वाचायला भरपूर मिळतं, पण सीनियर म्हणतात डी मेसॉन (एक चार्म आणि एक हलका क्वार्क मिळून झालेला कण) घे. काय घेऊ? आणि साध्या लॅपटॉपवर होईल असं काही आहे का?

कणभर
डी मेसॉनच घे, सीनियर बरोबर सांगतायत. कारण सांगतो, थोडं लांबेल. चार्मचं वस्तुमान साधारण १.३ जीईव्ही (वस्तुमान, ऊर्जा, तापमान सगळं आम्ही याच एककात मोजतो), बॉटमचं ४.२ च्या आसपास, आणि एलएचसीतला (सर्नच्या मोठ्या त्वरकातला) क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन मोकळे झालेला पदार्थ, अगदी सुरुवातीला तापलेला असतो तेव्हाही फार तर अर्ध्या जीईव्हीच्या आसपास, म्हणजे प्लाझ्मा नुसत्या उष्णतेवर चार्मची जोडी जवळपास बनवूच शकत नाही. जे बनतं ते शिशाची केंद्रकं आदळतात तेव्हाच, प्लाझ्मा तयार व्हायच्याही आधी. म्हणजे किती चार्म आत गेले ते सुरुवातीलाच ठरतं, आणि मग ते त्या सगळ्या गदारोळातून बाहेर येईपर्यंत त्यांचं काय झालं एवढंच बघायचं. प्रोब म्हणून याच्यापेक्षा चांगलं काय हवं!

मोजायचं ते आर-ए-ए. प्रोटॉन-प्रोटॉनमध्ये जेवढे डी मिळतात त्याला न्यूक्लिऑनच्या टकरींच्या संख्येने गुणायचं आणि शिशात खरे किती आले त्याला त्या गुणाकाराने भागायचं. समोरासमोरच्या टकरीत ६ ते १० जीईव्ही संवेगाला हा आकडा ०.२ च्या जवळ येतो. ते डी नाहीसे झालेले नसतात, ऊर्जा गमावून कमी संवेगाकडे सरकलेले असतात, हे प्रोजेक्टमध्ये आलेख काढून दाखव, परीक्षकांना तेच विचारायचं असतं.

अणुरेणू
+१, पण डेड कोन विसरू नका. जड क्वार्क m/E एवढ्या कोनाच्या आत ग्लुऑन फेकायचं टाळतो. २० जीईव्हीच्या बॉटमला तो कोन साधारण १२ अंश येतो, चार्मला ४ अंशही नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की जड क्वार्कची ऊर्जा कमीच खर्च होणार. आणि २००६ च्या सुमाराला रिक या अमेरिकेतल्या त्वरकावर जड क्वार्कपासून येणारे इलेक्ट्रॉन मोजले तर ते चांगलेच दबलेले, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, निघाले! तेव्हापासून नुसतं ग्लुऑन फेकणं पुरत नाही, प्लाझ्मातल्या कणांशी होणाऱ्या धडकाही हिशेबात घ्याव्या लागतात हे लोकांनी मनावर घेतलं. मला या विषयातलं सगळ्यात आवडतं वळण हेच. आणि डेड कोन थेट दिसला तो एलएचसीच्या प्रयोगांपैकी अ‍ॅलिसला, २०२२ मध्ये, तोही प्रोटॉन-प्रोटॉनमध्ये.

निशिगंधा_अ
धन्यवाद दोघांनाही. मग जे-साय का नको?

कणभर
नको असं नाही, पण तिथे दोन गोष्टी एकमेकांवर चढतात. मात्सुई आणि सात्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये म्हटलं की प्लाझ्मात रंगभार (क्वार्कना एकमेकांकडे ओढणारा भार) झाकला जातो, म्हणून जे-साय टिकणार नाही. ते पटण्यासारखं आहे. पण एलएचसीत एका टकरीत चार्मच्या इतक्या जोड्या असतात की वेगवेगळ्या जोड्यांतले चार्म आणि अँटिचार्म पुन्हा एकत्र येतात, त्यामुळे कमी संवेगाला जे-साय रिकपेक्षा कमी दबलेला दिसतो. तुटणं किती आणि जुळणं किती हे वेगळं काढणं एमएस्सीच्या वेळात झेपणार नाही.

सातपुडा
क्वार्कोनियमच (जे-सायसारखी जड क्वार्क-अँटिक्वार्कची जोडी) हवं असेल तर अप्सिलॉन, म्हणजे बॉटम-अँटिबॉटमची जोडी, बघा. बॉटमच्या जोड्या कमी, त्यामुळे पुन्हा जुळण्याची भानगड बरीच कमी. १एस, २एस, ३एस या तीन अवस्थांची बंधनऊर्जा १.१, ०.५४ आणि ०.२ जीईव्ही, आणि एलएचसीच्या सीएमएस प्रयोगाला २एस, ३एस हे १एस पेक्षा जास्त दबलेले दिसले. चित्र स्वच्छ आहे. बाकी अ‍ॅलिसच्या म्यूऑन स्पेक्ट्रोमीटरचं काही काम कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये झालंय, आणि मुंबईत आयआयटीचा गट अ‍ॅलिसमध्ये तर टीआयएफआर सीएमएसमध्ये आहे, सरांना विचारून एकदा भेटून या, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी तासभर बोललं तरी खूप कळतं.

अणुरेणू
लॅपटॉपचं सांगतो. फॉनल या गणनेच्या वेबपेजवरून चार्मचा सुरुवातीचा स्पेक्ट्रम (कोणत्या संवेगाचे किती) घ्या, नाहीतर पिथिया ८ हा टकरींची नक्कल करणारा प्रोग्राम चालवा, त्याला पायथनचा इंटरफेस आहे त्यामुळे सी प्लस प्लसचं टेन्शन नको. मग लॅन्जेव्हिन समीकरण स्वतः लिहा: ड्रॅग, यादृच्छिक धक्के आणि पसरत थंड होणारा प्लाझ्मा. 2πTDs हा आकडा (चार्म प्लाझ्मात किती सहज पसरतो ते यातून कळतं, T तापमान, Ds विसरण गुणांक) १.५ ते ४.५ च्या दरम्यान बदलून बघा. पण त्याआधी एका स्थिर तापमानाच्या डब्यात चार्म सोडा आणि बराच वेळ गेल्यावर तो त्या तापमानाच्या वितरणात येतो का ते तपासा. नाही आला तर ड्रॅग आणि धक्क्यांचं नातं कोडमध्ये बिघडलंय, पुढे जाऊच नका. आणि १० जीईव्हीच्या वर या मॉडेलवर भर देऊ नका, तिथे ग्लुऑन फेकणं मोठं होतं.

निशिगंधा_अ
हे जमेल असं वाटतंय! डी मेसॉन आणि लॅन्जेव्हिन, फायनल. तुलनेसाठी डेटा एचईपीडेटा या प्रयोगांच्या निकालांच्या साइटवरून घेऊ ना?

कणभर
हो, तिथेच. फक्त टेबल निवडताना प्रॉम्प्ट डी (थेट चार्मपासून बनलेले) लिहिलंय ना ते बघ. नॉन-प्रॉम्प्ट म्हणजे बी मेसॉन तुटून आलेले, ते बॉटमची गोष्ट सांगतात आणि कमी दबलेले असतात. दोन्ही एका आलेखावर ठेवलेस तर वस्तुमानाचा फरकही त्यातच दिसेल.