मदत हवी आहे: निरीक्षण खोलीत आजी आल्या की 'लुडबुड' कशी मोजायची?

नमस्कार मंडळी,

मी मानसशास्त्रात पीएचडी करतेय (पश्चिम महाराष्ट्रातलं विद्यापीठ, नाव नको). ५-६ वर्षांची मुलं राग-निराशा कशी आवरतात आणि त्यात घरच्या माणसांचा हात किती, हा विषय. पायलट (मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी) संपत आलाय आणि एका जागी गाडं अडलंय. इथे बालविकास, समुपदेशनवाले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढला. आकडेमोड जाणणाऱ्यांनीही डोकवावं.

आधी प्रयोग सांगते. मूल आवडीचं खेळणं निवडतं. आम्ही ते पारदर्शक डब्यात ठेवून कुलूप लावतो आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात देतो. त्यातली एकही किल्ली लागत नाही. आई शेजारी प्रश्नावली भरत बसलेली असते. चारेक मिनिटांनी मी आत जाते, "अगं बाई, भलत्याच किल्ल्या दिल्या की मी!" म्हणत खरी किल्ली देते, आणि पोरगं मनसोक्त खेळतं. (रडवून कुणाला घरी पाठवत नाही. फारच हिरमुसलं तर मधेच थांबवतो.) मूळ कल्पना लॅब-टॅब या मुलांचा स्वभाव जोखणाऱ्या अमेरिकन चाचणी-संचातली, आईला खोलीत बसवणं आमचं.

मग चित्रफीत बघून दोन कोडर आईच्या वागण्याला १ ते ५ गुण देतात: ऊब, मुलाच्या भावनेला शब्द देणं, आणि लुडबुड. पहिल्या दोन्हींवर दोघींचं उत्तम जुळतं. लुडबुडीवर मात्र कॅप्पा (दोघींचं किती जुळतं त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण एकमत) ०.४ च्या आसपास घुटमळतोय. दोघींचं प्रशिक्षण एकत्रच झालंय.

एक चित्रफीत सांगते. मुलगा किल्ली फिरवून फिरवून वैतागलाय, खालचा ओठ पुढे आलाय. आईने पेन खाली ठेवलं आणि काही न बोलता त्याच्या हातावर हात ठेवून किल्ली फिरवायला लागली. तो तिच्या मांडीला रेलला, पण किल्ली सोडली नाही. एका कोडरने ४ दिले, दुसरीने १. दुसरी म्हणते, "यात लुडबुड कसली? आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही घास भरवतात." कोडबुकात (गुण कसे द्यायचे त्याच्या नियमावलीत) तर 'मुलाने न मागता केलेली शारीरिक मदत' सरळ वरच्या गुणांत टाकलीय. मला दोघींचंही पटतं, तिथेच पंचाईत आहे.

त्यात आज्या. धाकट्याला सांभाळायला बऱ्याच घरांतून आजी सोबत येतात. बाहेर बसवलं तरी दार ढकलून आत. एका आजींनी "अगं दे की उघडून, लेकरू किती वेळ झटतंय!" म्हणून सुनेलाच झापलं. सून एकदम गप्प. पुढची चित्रफीत माय-लेकाची राहिलीच नाही, सासू-सुनेची झाली, आणि तिचे ऊबेचे गुणही घसरले. गाईड मॅडम म्हणतात, ही फीत बाद कर. मला वाटतं, ते पोर रोज ज्या घरात रुसतं ते घर हेच आहे, मग बाद कशाला?

तर, आजींना आत घ्यावं का? घेतलं तर गुण कुणाला द्यायचे? आणि लुडबुडीची व्याख्या बदलली तर बाहेरच्या अभ्यासांशी तुलना करता येईल का? 'परदेशी चाचण्या फेकून द्या' हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर घाला, मला मार्चअखेर सादरीकरण आहे.

प्रतिसाद – निंबोणी
साधा कॅप्पा काढताय का? ५ पायऱ्यांच्या मापाला तो जाचक आहे. २ विरुद्ध ३ आणि १ विरुद्ध ५ त्याच्या लेखी सारखेच. भारित कॅप्पा (मोठ्या फरकाला जास्त वजन देणारा) किंवा आयसीसी (एकमत मोजायचंच दुसरं माप) काढून बघा, आकडा थोडा सुधारेल. पण ४ विरुद्ध १ हा घोळ त्याने मिटणार नाही, तो कोडबुकातला आहे. आईचा हात पुढे आला एवढ्यावर गुण देऊ नका, त्यानंतरचे काही सेकंद मूल काय करतं ते नोंदवा: हात झटकतं, किल्ली टाकून देतं, की रेलून प्रयत्न चालू ठेवतं. तुमच्या फितीत ते रेललंय. मूळ व्याख्येचे गुणही वेगळ्या रकान्यात राहू द्या, तुलनेला तेच लागतील.

प्रतिसाद – सांजवारा
मॅडमचं ऐकून फीत बाद करू नका. माय-लेकरांच्या नात्यावर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ बाई स्ट्रेंज सिच्युएशन (आई खोलीतून थोडा वेळ जाऊन परतली की बाळ काय करतं, ते बघायचा प्रयोग) आखण्याच्या कितीतरी आधी, १९५४-५५ मध्ये, युगांडात घरोघरी जाऊन माय-लेकरं बघत होत्या. नंतर ऐंशीच्या दशकात जपानात साप्पोरोला तोच खोलीतला प्रयोग झाला, तर ६० बाळांपैकी जवळपास एक तृतीयांश 'चिडून चिकटणाऱ्या' गटात गेली आणि 'टाळणाऱ्या' गटात एकही नाही. तिथल्या आया बाळांना क्वचितच एकटं सोडत, त्यामुळे खोलीत एकटं राहणंच त्यांना फार जड गेलं. खोलीची मांडणी निकाल हलवते, हे मॅडमना दाखवा.
माझ्या मते प्रत्येक घरासाठी प्रयोगाचे दोन भाग करा, एक आजींसह, एक आजींविना, खेळणी वेगवेगळी. निम्म्या घरांत क्रम उलटा. आजींना वेगळे गुण. आणि हो, आजी कॅमेऱ्यात येणार म्हणजे त्यांचीही लेखी संमती हवी आणि बदललेली योजना एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्यावी लागेल. हे आधी करा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. मूल काय करतं यावर जुन्या फिती पुन्हा कोड करायला घेतल्यात, त्या रेललेल्या मुलावर दोघींचं एकमत झालं. पण आई मदत करते आणि मूल नुसतंच थिजतं, डोळे डब्यावर, अशा फितींचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. त्यावर कुणी बोलेल का? एथिक्सचा सुधारित अर्ज या आठवड्यात टाकते. आजींसाठी सोप्या मराठीतलं संमतीपत्र कुणाकडे तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अक्षर मोठं लागेल.