मदत हवी आहे : सड्यावरची कातळशिल्पं वाचवायची आहेत

नमस्कार मंडळी. आमचं गाव राजापूर तालुक्यात. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी इथली कातळशिल्पं (कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं) २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा फार आनंद झाला होता. पण २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि कळलं की त्या यादीत नाव असलं म्हणून जमिनीला कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

आमच्या सड्यावरही चित्रं आहेत, तीही खाजगी मालकीच्या कातळावर. सरकारदरबारी सडा म्हणजे पडीक जमीन! पावसाळ्यात इथे फुलांचा गालिचा असतो आणि याच जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं.

राज्य संरक्षित स्मारकासाठी अर्ज करावा, की जैवविविधता वारसा स्थळासाठी? आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडाला तो दर्जा २०२१ मध्ये मिळाला आहे. ग्रामसभेचा ठराव नेमका कसा लिहायचा? सातबाऱ्यावर बरीच नावं असतील तर प्रत्येकाची संमती लागते का? कुणी हे केलं असेल तर कृपया ठरावाचा नमुना द्या. ग्रामसभा पुढच्याच आठवड्यात आहे.