इटलीत पास्ता क्लास: खरोखर हाताने करू देणारा कसा निवडावा?

मुक्ता_प्र

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आई आणि मी इटलीला जातोय. रोम आणि फ्लॉरेन्स नक्की आहे, एक दिवस बोलोन्यालाही जाता येईल. त्यातला एक दिवस स्वयंपाकाच्या क्लाससाठी मोकळा ठेवलाय. नेटवर शेकडो क्लास दिसतात. बहुतेकांचं आश्वासन एकच: तीन तासांत पास्ता, पिझ्झा, तिरामिसू आणि जेलातो. मला समोर उभं राहून नुसतं बघायचं नाहीये. पीठ स्वतः मळायचंय, लाटायचंय, आणि चुकलं तर का चुकलं ते कळायला हवंय.

आई अंडं खात नाही, मी खाते. एकाच क्लासमध्ये दोघींचं जमेल का? आणि बुकिंग करण्याआधी नेमकं काय विचारावं?

पाटपोळी

ताई, चार पदार्थांच्या जाहिराती आधी बाजूला काढा. नुसता वेळेचा हिशोब करून बघा. अंड्याचं पीठ मळायला १० ते १५ मिनिटं, मुरायला ३०, नवख्या हाताने लाटायला २० ते २५, लाटलेलं जरा सुकायला १० ते १५. मग कापणं, सॉस, शिजवणं आणि जेवण. तीन तास एका पास्त्यालाच लागतात. पिझ्झ्याचं पीठ तर कित्येक तास फुगू द्यावं लागतं. म्हणजे तीन तासांच्या क्लासमध्ये ते आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असणार. तुमच्या वाट्याला गोळा पसरवणं आणि वर टोमॅटो घालणं, एवढंच येतं.

ईमेल करून हे विचारा: पीठ मळायला-लाटायला प्रत्येकाला स्वतंत्र लाकडी पाट मिळतो का, की चौघांत एक? सुरुवात सुक्या पिठापासून होते की तयार गोळ्यापासून? लाटायला लाटणं आहे की हँडलचं मशीन? एका शिक्षकामागे जास्तीत जास्त किती जण? आठपर्यंत उत्तम, बारापर्यंत ठीक. त्यापुढे प्रत्येकाच्या पिठाला हात लावून बघायला शिक्षकाला वेळच उरत नाही, आणि पीठ हे हात लावूनच शिकायचं असतं.

मुरायला ठेवलेल्या तुमच्या पिठाच्या जागी कुणी आधी मुरवलेला गोळा हातात दिला तर ती फसवणूक समजू नका, वेळ वाचवायची ती रीत आहे. मात्र तुमचा गोळा परत तुमच्याकडे यायला हवा. आणि सगळ्यांचा पास्ता एकाच पातेल्यात उकळणार असतील तर जाडी सारखी ठेवा. पातळ पट्ट्या मऊ पडतात तेव्हा जाड्या आतून कच्च्या असतात.

रवाळ

वरच्याशी सहमत. बोलोन्याला जाणं शक्य असेल तर अंड्याचा पास्ता तिथेच शिका. हाताने लाटलेल्या पातळ पोळीला तिथे 'स्फोल्या' म्हणतात, ती लाटणाऱ्या बाईला 'स्फोलीना'. १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे ताल्यातेल्लेच्या (लांब, चपट्या पट्ट्यांचा अंड्याचा पास्ता) पट्टीचं माप रीतसर नोंदवलं गेलं: शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर. शिजताना पट्टी फुगते, म्हणून कच्ची कापताना ती ६ ते ७ मिलिमीटर धरतात.

प्रमाण पाठ करून जा: १०० ग्रॅम '००' पिठाला (इटलीतलं अगदी बारीक दळलेलं गव्हाचं पीठ) एक मोठं अंडं. माणशी तेवढं पुरतं. अंडी लहानमोठी असतात, म्हणून थोडं पीठ बाजूला राखून ठेवा आणि हाताला चिकटलं तरच घाला. पीठ पुरीच्या कणकेसारखं घट्ट हवं. पहिली पाच मिनिटं ते खडबडीत आणि कोरडं वाटतं, आणि नेमका तेव्हाच नवशिके पाण्याचा हात लावतात. तसं करू नका. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पुढे ढकला, घडी घाला, पाव फेरा वळवा, पुन्हा ढकला. दहा मिनिटांनी गोळा गुळगुळीत होतो, आणि बोटाने दाबलेला खड्डा हळूहळू भरून येतो.

मग झाकून अर्धा तास. ही पायरी गाळली तर लाटलेली पोळी रबरासारखी मागे येते, कारण मळताना ताणलेलं ग्लुटेन अजून सैल झालेलं नसतं. अशा वेळी जोर लावून उपयोग नाही, पुन्हा झाकून दहा मिनिटं थांबा.

तिथलं लाटणं, मात्तारेल्लो, ८० सेंटिमीटर ते मीटरभर लांब असतं. मधून बाहेर लाटायचं, कडेच्या जरा अलीकडे थांबायचं, पोळी पाव फेरा फिरवायची. कडेवरून लाटणं गेलं की कड पातळ आणि मध्य जाड राहतो. पुढे पोळी मोठी झाली की लाटण्यावर गुंडाळून, तळहात मधून टोकांकडे सरकवत ताणतात. या हालचालीत हात खाली दाबत नाहीत, बाजूला ओढतात. शिक्षकाला हीच गोष्ट दोनदा दाखवायला सांगा, नुसत्या व्हिडिओवरून ती हातात बसत नाही. पोळी पाटाच्या कडेवरून थोडी लोंबत ठेवली की पुढचं टोक घसरत नाही.

पाट लाकडाचाच का? लाकडाच्या बारीक खरबरीतपणाने पोळीला पोत येतो आणि सॉस धरून राहतो. स्टीलच्या टेबलावर पोळी गुळगुळीत निघते, सॉस ताटात उरतो.

कापण्याआधी पोळी किंचित सुकलेली हवी: हाताला ओली नाही, पण दुमडली तर तडकत नाही. ओली गुंडाळून कापली की पट्ट्या एकमेकींना चिकटून गुंडाळलेल्याच राहतात. जास्त सुकली तर घडीवर मोडते. कापलेल्या पट्ट्या लगेच झटकून मोकळ्या करा आणि भरड सेमोलावर (कडक गव्हाच्या रव्यावर) ठेवा. बारीक पीठ भुरभुरलं तर ते पास्त्याच्या ओलाव्यात मिसळून चिकट होतं. शिजायला उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं पुरे. पाणी १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर, त्यात १० ग्रॅम मीठ.

मुक्ता_प्र

रवाळ, हे सगळं उतरवून घेतलं. पण मग बोलोन्यात आईने काय करायचं? तिने बाजूला बसून राहू नये असं फार वाटतं.

तुळसपान

आईंसाठी बोलोन्या सोडा आणि फ्लॉरेन्सला 'पिची', म्हणजे हाताने वळलेला जाड दोरीसारखा पास्ता, शिकवणारा क्लास शोधा. पिची सिएना भागातली, पण फ्लॉरेन्सचे बरेच क्लास शिकवतात. पीठ, कोमट पाणी, चमचाभर ऑलिव्ह तेल, मीठ. काही घरांत अंडं घालतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच 'सेन्झा उओवा', म्हणजे अंड्याविना, असं लिहून घ्या. २०० ग्रॅम पिठाला साधारण १०० मिली पाणी, एकदम नाही, थोडं थोडं. पीठ तासभर मुरवून जाडसर लाटायचं, सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या कापायच्या आणि एकेक पट्टी दोन्ही तळव्यांखाली मधून बाहेर वळत लांब दोरी करायची. इथे पाटावर पीठ टाकायचं नाही. कोरडं पीठ आलं की पट्टी गोल फिरण्याऐवजी घसरते. फार सुकलीच तर बोटं जरा ओली करा. लाटणं हातात न घेतलेल्या माणसालाही हे पहिल्या दिवशी जमतं आणि दोघी एकाच पाटावर काम करू शकता. सोबत टोमॅटो आणि भरपूर लसणाचा 'आल्योने' सॉस असतो, त्यात मांस नाही.

आता चीज. पार्मिज्यानो रेज्यानोमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं, पेकोरीनो रोमानोमध्ये कोकराच्या. आईंना ते चालत नसेल तर 'शाकाहारी' एवढं सांगून भागणार नाही, कारण इटलीत शाकाहारी जेवणात ही चीजं सर्रास असतात. 'वनस्पतीजन्य रेनेट', तिकडच्या भाषेत 'काल्यो वेजेताले', असा स्पष्ट उल्लेख करा किंवा त्यांच्या ताटात चीजच नको म्हणा. रोममधले काचो ए पेपेचे (पेकोरीनो आणि मिरीचा पास्ता) क्लास त्यामुळेच त्यांच्या कामाचे नाहीत.

गोडाचंही आधी ठरवा. तिरामिसूत अंडी असतात, बहुतेक वेळा कच्ची, आणि त्यातल्या सावोयार्दी बिस्किटांतही असतात. बदली म्हणून पान्ना कोत्ता सुचवतील, पण ते जिलेटिनवर सेट होतं, आणि जिलेटिन प्राण्यांपासून काढतात. फळांचं सोर्बेत्तो सर्वांत सोपं, तरी अंड्याचा पांढरा भाग घातला नाही ना, एवढं विचारा.

पाटपोळी

चीजचा मुद्दा फार महत्त्वाचा, धन्यवाद. मुक्ताताई, तुम्ही स्वतः काचो ए पेपे करणार असाल तर एक सांगतो. त्यात चीजच्या गुठळ्या होण्याचं कारण बहुधा जास्त उष्णता असते. पॅन आचेवरून उतरवा, मिनिटभर थांबा, पेकोरीनो अगदी बारीक किसून कोमट पास्त्याच्या पाण्यात आधी पेस्ट करा आणि मगच पास्त्यावर घाला. पास्ता नेहमीपेक्षा कमी पाण्यात उकळा, म्हणजे पाण्यात स्टार्च जास्त उतरतो आणि सॉस एकजीव राहतो.

खिडकीची_सीट

वाराचं कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. बाजारफेरी असलेला क्लास रविवारी घेऊ नका. जुन्या मंडया बहुधा सकाळीच भरतात आणि रविवारी बंद असतात. बाजारासकट क्लास चार-पाच तासांचा होतो, त्यातला पीठ हातात असण्याचा वेळ किती ते विचारून घ्या. हात शिकवायचा असेल तर मी बाजार गाळेन.

छोट्या गटाच्या क्लासला माणशी साधारण ७० ते १२० युरो धरून चाला, खाजगी क्लास याहून बराच महाग. जेवण आणि वाइन बहुधा त्यातच. वाइन नको असेल तर कळवा, पण पैसे कमी होतील अशी अपेक्षा नको. अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आयत्या वेळी पीठ बदलता येत नाही.

मुक्ता_प्र

मग असं ठरवतेय: फ्लॉरेन्सला आईसोबत पिची, आणि एक दिवस मी एकटी बोलोन्याला. सकाळी दहाचा क्लास आहे. नऊ वाजता फ्लॉरेन्सहून निघाले तर चालेल?

रवाळ

नको. वेगवान गाडीला ३५ ते ४० मिनिटंच लागतात, पण बोलोन्यात ती जमिनीखालच्या फलाटावर थांबते. तिथून वर येऊन रस्त्यावर पोहोचायला दहा-पंधरा मिनिटं धरा, आणि जुन्या शहराच्या मध्यापर्यंत चालत आणखी वीस. आठच्या सुमाराची गाडी घ्या. गाडी उशिरा आली तर पीठ मळण्याचाच भाग हुकतो, आणि तुम्ही जाताय त्यासाठीच. अंगठ्या काढून ठेवा, नखं कापा (लांब नखाने पोळीला भोकं पडतात), बंद बूट घाला. क्लासनंतर मात्तारेल्लो विकत घ्यावासा वाटेलच. घेण्याआधी बॅगेची कर्णात लांबी मोजा, कारण तो चेक-इन सामानातच टाकावा लागेल.