मदत हवी आहे: जुन्या धाब्याच्या घरात विजेच्या हीटरला पर्याय काय?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणी खारं असलेला भाग). घर आजोबांनी बांधलेलं. पुढच्या दोन खोल्या धाब्याच्या (वर सपाट मातीचं छत), हातभर जाड मातीच्या भिंतींच्या. मागची खोली नंतर काढली, ती विटांची आणि वर टिना. माय (वय ७६, संधिवात आणि दमा) त्या टिनाच्या खोलीतच झोपते, कारण संडास तिथून चार पावलांवर आहे. धाब्याच्या खोलीतून यायचं तर मधला उंबरठा वीतभर उंच. अंधारात तिचा पाय अडखळेल ही भीती.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे इथल्या हिवाबद्दल कोणी बोलत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे टिनावरचं दव आतल्या बाजूनंही थेंबाथेंबानं टपकतं आणि मायची बोटं वळत नाहीत. म्हणून दोन वर्षांपूर्वी २००० वॉटचा हीटर आणला. दोन्ही रॉड लावले की तासाला २ युनिट. रात्री ६ तास धरले तर महिन्याला ३६०. त्यात २५ लिटरचा गिझर. एरवी आमचं बिल ९०-१०० युनिटांचं, गेल्या जानेवारीत ते ५०० च्या वर गेलं. वरच्या टप्प्यात दरही वाढत जातो, त्यामुळे रक्कम पाच पटींहून जास्त झाली. कापसाचे पैसे यायचे होते, कसंबसं भरलं.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. एका रात्री २ वाजता जाग आली तर हीटर बंद, आणि माय अंधारात गोधडी गुंडाळून बाजेवर बसलेली. विचारलं तर म्हणाली, "मीटरचा लाल दिवा पाह्य कसा लुकलुकते बापू, माह्या जीवाले लागते ते." त्या दिवसापासून ती मी झोपायची वाट पाहते आणि उठून हीटर बंद करते. महाग उपाय तिच्या उपयोगीच पडत नाहीये.

आतापर्यंत विचार केला तो असा:

शेगडी नको. बंद खोलीत कोळशाचा वायू साचून माणसं झोपेतच गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, त्यात हिला दमा.

आंघोळीच्या पाण्यासाठी जुना तांब्याचा बंब माळ्यावरून काढता येईल. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) भरपूर आहे. पण ती भरकन जळते, समोर बसून सारखी सारावी लागते. शिवाय पऱ्हाटीचे ढीग घराजवळ साठवले की त्यात गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते, म्हणून मी हंगाम संपला की ठेवतच नाही. तुराटी (तुरीच्या वाळलेल्या काड्या) चालेल का?

सोलर वॉटर हीटर घ्यावा तर पाणी खारं. गिझरच्या दोन कॉइल याच पाण्यानं गेल्या, उघडल्यावर बोटभर पांढरा थर होता.

छतावरच्या सौर पॅनलसाठी पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान आहे. पण धाब्यावर वजन चढवायची हिंमत नाही आणि टिनाखालचे लाकडी दांडे जुने आहेत. अंगणात लोखंडी स्टँडवर कोणी बसवलंय का?

हातात सध्या २५ हजार आहेत. आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद

दादा, मी अकोट तालुक्यातली, आमचं पाणीही तसंच. पॅनल, सोलर सगळं नंतर. आधी टिन झाका. रात्री उघड्या आभाळाखाली टिन हवेपेक्षाही थंड पडतं, खालची सगळी ऊब तेच ओढून घेतं. हीटर सहा तास काय, बारा तास चालवा, ती खोली तापणार नाही. टिनाखाली वीतभर जागा सोडून छत मारून घ्या. उन्हाळ्यातही फरक कळेल. फक्त उघडं थर्माकोल लावू नका, ते लवकर पेटतं.

दुसरं म्हणजे खोली तापवण्याऐवजी अंथरूण तापवा. एका माणसाचं इलेक्ट्रिक ब्लँकेट १०० वॉटच्या आतलं मिळतं. रात्रभर चाललं तरी एक युनिटही होत नाही. मात्र काकूंना पायाला बधिरपणा असेल तर झोपण्याआधी अर्धा तास लावून बंद करा, नाहीतर चटका बसलेला कळत नाही. दमा आहे तर डॉक्टरांच्याही कानावर घाला.

सोलर घ्यालच तर काचेच्या नळ्यांचा घ्या, त्या काढून साफ करता येतात. बारीक तांब्याच्या नळ्यांचा आपल्या पाण्याला टिकत नाही. थंड पाण्याची टाकी त्याच्यापेक्षा उंचावर लागते, ते आधी बघा.

आणि तो उंबरठा? दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार करा, भिंतीला धरायला पाइप आणि एक रात्रीचा दिवा. गवंड्याचं एका दिवसाचं काम. मग काकू हिवाळाभर धाब्याखाली झोपू शकतील. मातीच्या भिंती दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवतात.

धागाकर्ता

ताई, उंबरठ्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल संध्याकाळी थर्मामीटर घेऊन दोन्ही खोल्यांत ठेवला. पहाटे ५ ला टिनाखाली ११, धाब्याखाली १७. मायला सांगितलं तर म्हणे, "मंग मले तिकडंच नेऊन टाक ना." गवंड्याला उद्या बोलावलंय. उतार किती लांब ठेवावा लागेल? उंबरठा ८ इंच आहे आणि माय काठी घेऊन चालते.