पुढचा एकच दात काळवंडलाय : आतून ब्लीचिंग, व्हेनियर की कॅप? (बडोदा)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. धाकट्या बहिणीच्या (वय 24) वरच्या पुढच्या दाताला शाळेत असताना मार लागला होता. रूट कॅनाल झालंय, एक्स-रे चांगला आहे, दुखत नाही. पण रंग गेला तो गेलाच: हिरडीपाशी करडा, टोकाला पिवळसर. ती ओठ मिटूनच हसते, बघून फार वाईट वाटतं.

दांडिया बाजारात सफाई आणि वरून व्हाइटनिंग करून घेतलं. बाकीचे दात उजळले, हा तसाच, त्यामुळे आता जास्तच उठून दिसतो. एक डॉक्टर कॅप सांगतात, दुसरे व्हेनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा). दोन्हींत निरोगी दात घासून कमी करावा लागतो आणि घासलेलं परत येत नाही, म्हणून मन धजत नाही. रूट कॅनालच्या वाटेने आत औषध भरून ब्लीचिंग करतात, ते मात्र कुणी सुचवलं नाही.

लग्न मार्गशीर्षात आहे, तेव्हा दोनचार फेऱ्या चालतील. कॅपपुरते पैसे बाजूला ठेवलेत. रात्री दात खायची सवय नाही, चहा मात्र भरपूर.

असं आतून ब्लीचिंग कुणी केलंय का, रंग किती वर्षं टिकला? आणि बडोद्यात हे नेहमी करणारे एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालचे तज्ज्ञ) कोण?