केअर सेंटर विटाव्याच्या पुलापलीकडे, आम्ही अलीकडे. तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

ऐरोलीची_लेक:

नमस्कार. जरा लांबलचक आहे, पण वाचा.

बाबांना (वय ७४) फेब्रुवारीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, खाणं नाकातल्या नळीने. घरी आणायचं तर आईच्या गुडघ्यांनी राम म्हटलेला, माझी महाप्याला शिफ्ट, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. म्हणून कळव्यातल्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. महिना २८ हजार, डायपर आणि नळीतलं खाणं वेगळं.

सातव्या रविवारी मीच त्यांना कुशीवर वळवलं, तर माकडहाडापाशी पुरीएवढी जखम. मध्ये काळी, कडेला ओली, वर टाल्कम पावडर थापलेली. तिथली मावशी (आया) म्हणाली, "घामाने होतं ताई." पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर एक तक्ता आहे, दर दोन तासांनी कूस बदलली की त्यावर टिक करायची. मी बघत होते तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तक्त्यावर सोमवारी पहाटे सहापर्यंतच्या टिका मारून तयार! एकाच पेनने, एका दमात. मी फोटो काढला आणि बाबांना त्याच रात्री घरी आणलं. चार जणांनी चादरीत घालून वर चढवलं.

त्यानंतर सुट्ट्या टाकून फिरतेय. बेलापूरला आमच्या नवी मुंबई महापालिकेत गेले: "सेंटर कळव्यात ना? विटाव्याचा पूल ओलांडला की ठाण्याची हद्द." ठाण्यात सिव्हिलला गेले: "आमच्याकडे सरकारी रुग्णालयं, खासगीचं आम्ही बघत नाही." समाजकल्याणमध्ये विचारलं: "वृद्धाश्रम आहे का? अनुदान घेतात का? नाही ना, मग?" पोलीस म्हणाले, "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे." म्हणजे परत सिव्हिललाच जाऊ का, असं विचारणार होते.

नळ्या घातलेली माणसं जिथे पैसे घेऊन ठेवतात, तिथे कुणाची तरी नजर असेलच ना? कुणाची?

टीएमटी_दुसरा_थांबा:

अर्ज-बिर्ज सोडा. फोटो फेसबुकवर टाका, दोन दिवसांत हातापाया पडत येतील.

आवकजावक:

ताई, फोटो जपून ठेवा, फेसबुकवर नको. त्यात तुमचे वडील उघडे आहेत.

मी या दोनपैकी एका महापालिकेत (कोणत्या ते सोडा) आरोग्य विभागात ३१ वर्षं टेबलावर काढली. तुम्हाला चारही ठिकाणी कुणी खोटं सांगितलेलं नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं खरं सांगितलं आणि तुम्हाला पुढच्या दारात ढकललं.

सरकारी आरोग्याच्या आपल्याकडे तीन वेगळ्या चुली आहेत. गावांतली उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं आणि सिव्हिल राज्य सरकारची, तिथे जिल्हा शल्य चिकित्सक. शहरातलं महापालिकेचं, तिथे महापालिकेचा वैद्यकीय आरोग्य अधिकारी. म्हणून कळव्याचं शिवाजी हॉस्पिटल महापालिकेचं आणि ठाण्याचं सिव्हिल राज्याचं. खाडीच्या या काठाला एक मालक, त्या काठाला दुसरा. केसपेपर काढायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे कळायचं काही कारण नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा मलाही समजायला वर्ष गेलं. नवी मुंबईत तर १ जानेवारी १९९२ ला महापालिकेचा कारभार सुरू झाला, त्याआधी तिथल्या गावांचा सगळा हिशेबच निराळा होता.

पण हे झालं सरकारी दवाखान्यांचं. खासगी जागेसाठी १९४९ चा शुश्रूषागृह (म्हणजे नर्सिंग होम) नोंदणीचा कायदा आहे. केंद्राने २०१० मध्ये नवा कायदा केला, महाराष्ट्राने तो घेतला नाही, आपण जुन्यावरच चालतो. त्यात जागा ज्या हद्दीत असेल तिथला अधिकारी देखरेख करतो. महापालिकेच्या हद्दीत महापालिका, हद्दीबाहेर जिल्ह्याचे अधिकारी. पेशंट कुठे राहतो याला काही किंमत नाही. तेव्हा बेलापूर विसरा, तुमचं दार पाचपाखाडीला, ठाणे महापालिकेचा आरोग्य विभाग.

आता खरी मेख. कायद्याच्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा केली जाते ती जागा, असं आहे. पाटीवर काय लिहिलंय हे व्याख्या विचारत नाही. पण ही केअर सेंटरवाली मंडळी म्हणतात, आमच्याकडे फक्त राहण्या-जेवणाची सोय, आम्ही कुठे हॉस्पिटल आहोत? आणि ऑफिसातही हे ऐकून घेणारे असतात, कारण मान्य केलं तर तपासणीला जावं लागतं. नाकात नळी घालून भरवणं, लघवीची पिशवी बदलणं, ड्रेसिंग करणं याला जेवणाची सोय म्हणत असतील तर मग माझं बोलणंच खुंटलं.

म्हणून अर्जात "निष्काळजीपणा केला, न्याय द्या" ही ओळ पहिली लिहू नका. पहिली ओळ अशी: "सदर जागा १९४९ च्या कायद्याखाली नोंदलेली आहे काय? असल्यास नोंदणी क्रमांक व मुदत कळवावी, नसल्यास केलेली कार्यवाही कळवावी." नोंदणी दर तीन वर्षांनी नवी करावी लागते, म्हणजे मुदत संपलेलीही सापडते. जखम, तक्ता, फोटो हे त्याच्या खाली. जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे नोंदलेल्या जागेत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते. तिथे लावली होती का ते आठवा. आणि घरी पावत्या असतील त्या काढून बघा, त्यांवर काय काय छापलंय.

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" म्हणतील. मीही म्हणायचो.

ऐरोलीची_लेक:

काका, पावत्या काढल्या. दोन्हींवर छापील ओळ आहे: "नर्सिंग चार्जेस ४,५००". सनद किंवा दरपत्रक काही नव्हतं. काउंटरमागे गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम केलेला एक कागद होता, मला वाटलं तेच लायसन्स. आता फोटो मोठा करून बघितला तर तो गुमास्ता निघाला.

आवकजावक:

गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना. तो किराणावाल्याकडेही असतो. पावती मात्र सोन्यासारखी जपा. नर्सिंगचे पैसे घेतले हे त्यांनीच छापून दिलंय.

वकील_नाही_पण:

काकांनी सांगितलेला रस्ता जागा तपासायला लावण्याचा, त्यातून तुमचे पैसे परत मिळत नाहीत. त्यासाठी ग्राहक आयोग. आणि तिथे हद्दीचा घोळ नाही, कारण २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथूनही तक्रार करता येते. पुलाच्या अलीकडूनच करा. मुदत दोन वर्षं. सेवेचे भरलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी नाही. वकील लागतोच असंही नाही, मी माझी केस स्वतः चालवली. तारखा पडतात, त्याची मनाची तयारी ठेवा. सेंटरला येणाऱ्या डॉक्टरांकडे कागदपत्रं आजच लेखी मागा. त्यांच्या आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागतात.

सासूबाईंची_सून (कोपरखैरणे):

कागद होत राहतील, जखमेचं काय केलंत? मध्ये काळं म्हणजे मेलेली कातडी, ती घरी ड्रेसिंग करून भागत नाही. सर्जनला दाखवा, उद्याच. पावडर अजिबात नको. हवेची गादी भाड्याने मिळते, पण गादी आणली म्हणून कूस बदलणं चुकत नाही, आम्ही त्याच भ्रमात दोन आठवडे घालवले. घरी नर्स-आया पुरवणाऱ्या ब्युरोची बाई ठेवणार असाल तर विचारून घ्या, ती नर्स आहे की मावशी. नर्स असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर असतो. ब्युरोवाले दोघींना "सिस्टर" म्हणतात आणि पैसे नर्सचे घेतात. आमच्याकडची सिस्टर आधी साडीच्या दुकानात होती. बाई प्रेमळ होती, पण नळी पहिल्यांदा आमच्याच घरी पाहिली.

ऐरोलीची_लेक (बारा दिवसांनी):

जखम सर्जनने साफ केली, आता कडेने लाल मांस धरतंय. दिवसा बाई आहे (मावशीच, नर्स नाही, विचारूनच घेतली), रात्री मी आणि आई. मोबाइलला दर दोन तासांनी गजर लावलाय. शेजारच्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ झालाय.

पाचपाखाडीला दोनदा गेले. पहिल्या वेळी साहेब मीटिंगला. दुसऱ्या वेळी टेबलावरच्या माणसाने रजिस्टर काढून कळव्याची पानं बघितली. त्याच रस्त्यावरचं एक प्रसूतिगृह सापडलं, सेंटरचं नाव नाही. म्हणाला, "नाव नाही म्हणजे आमचा संबंध नाही मॅडम." मी म्हटलं, "नाव नाही हीच तर तक्रार आहे." तो जरा थांबला, हसला, चहा बाजूला सरकवला आणि अर्ज वाचायला घेतला. शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला.

संध्याकाळी सातला सेंटरमधून फोन! म्हणे शेवटच्या आठवड्याचे पैसे परत देतो, येऊन घेऊन जा. अर्ज मी दुपारी दिला होता.

आवकजावक:

फोन आला म्हणजे अर्ज टेबलावरून हलला. कुठल्या दिशेने हलला ते मी लिहीत नाही. तीस दिवस गेले की त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहितीच्या अधिकारात विचारा, तपासणीला कोण गेलं, कधी गेलं, अहवाल काय. आणि पैसे घ्यायला गेलात तर सही कशावर मागतात ते आधी वाचा.

ऐरोलीची_लेक:

काल भाऊ गेला होता. सही मागितली काका. कोऱ्या लेटरहेडवर.